चाऱ्याची गाडी मोजायची कोणी?

दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला कस्तुरबा गांधी मार्ग लवकर ओळखीचा होतो. कॅनॉट प्लेसच्या वर्तुळातून निघून इंडिया गेटकडे जाणाऱ्या या रस्त्यावर नवे महाराष्ट्र सदन उभे आहे. जुने सदन कोपर्निकस मार्गावर होते व आहे; हे नवे जून २०१३ मध्ये सुरू झाले. जुन्या दिल्लीकरांच्या तोंडी मात्र या रस्त्याचे नाव अजूनही ‘कर्झन रोड’ असेच येते. जिने पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असताना, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी देह ठेवला त्या कस्तुरबांचे नाव या रस्त्याला मिळाले, याचे मराठी मनाला समाधान वाटावे. पण मला आज बोलायचे आहे ते या रस्त्याच्या जुन्या नावापासून नव्या सदनापर्यंत न सुटलेल्या एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाविषयी: हजारो गुरांसाठी चारा आला, तर तो मोजून घ्यायचा कोणी, ठेवायचा कुठे आणि पुरवायचा कसा?

योगायोग असा की लॉर्ड कर्झन जानेवारी १८९९ मध्ये व्हाइसरॉय झाले आणि त्याच वर्षीचा पाऊस दगा देऊन गेला. त्यातून उद्भवलेल्या दुष्काळात माणसे तर मेलीच, पण पश्चिम हिंदुस्थानातील गुरेही इतकी मेली की जुन्या लोकांनी त्याला चाऱ्याचा दुष्काळ म्हटले. आणि नव्या सदनाचे उद्घाटन झाले त्या २०१३ च्या उन्हाळ्यात मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातील लाखो जनावरे शासनाच्या अनुदानावर चाललेल्या चारा छावण्यांत दावणीला बांधलेली होती. त्यांच्या चाऱ्यासाठी केंद्राकडे मदत मागणाऱ्या फायली ज्या कृषी भवनात जात होत्या, ते या रस्त्यापासून फार दूर नाही. या दोन प्रसंगांत एकशे चौदा वर्षांचे अंतर आहे.

दुष्काळी प्रशासनाच्या इतिहासात धान्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोठारे, भाव, रेशन, कामावरची मजुरी यांवर आयोग नेमले गेले, ग्रंथ निघाले. चारा मात्र बहुधा शेवटच्या प्रकरणात, घाईघाईने येतो. याचे कारण अधिकाऱ्यांची अनास्था एवढेच नाही. धान्य पोत्यात मावते, शिवून मोहोर लावता येते, वर्षभर टिकते. चाऱ्याचे तसे नाही. ज्या ट्रकमध्ये दहा टन ज्वारी सहज बसते, त्याच ट्रकमध्ये सुटा कडबा भरला तर तो दोन्ही बाजूंना लोंबू लागतो, टपाच्या वर चढतो आणि तरीही वजन त्याच्या तुलनेत किरकोळच भरते. म्हणजे चाऱ्यात वाहतुकीचा खर्च हा मालाच्या खर्चावर कुरघोडी करतो. शिवाय त्याचे माप ठरलेले नाही. कडबा शेकड्यावर विकला जातो. पण पेंढी केवढी, हे बांधणाऱ्याच्या हातावर आणि त्या सालच्या ताटांच्या उंचीवर अवलंबून. हिरवा चारा वजनावर घ्यावा, तर त्यात तीन चतुर्थांश पाणीच असते. सकाळी उतरवलेली उसाच्या वाढ्यांची गाडी दुपारच्या उन्हात ठेवली तर संध्याकाळी तिचे वजन कमी भरणार, आणि त्यात चोरी झालेलीच असेल असे नाही. उलट वाळलेला चारा ओला राहून गंजीत गेला तर आतून तापतो, बुरशी धरतो, कधी आपोआप पेटही घेतो. या सगळ्यावर कडी म्हणजे जनावर उपवासाची तारीख पुढे ढकलत नाही.

प्रशासनाला या गोष्टी ठाऊक नव्हत्या असे म्हणता येणार नाही. निदान मराठी प्रशासनाला तरी त्या फार पूर्वीपासून ठाऊक होत्या. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या आगेमागे, चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी मुक्कामाला असलेल्या आपल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना पाठवलेले एक पत्र उपलब्ध आहे. शाळेच्या पुस्तकांतून ते ‘रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये’ या अर्थाच्या शिकवणीसाठी गाजले. ते खरेच आहे. पण प्रशासकाने ते पत्र पुन्हा वाचावे ते वेगळ्या कारणासाठी. ते मुळात साठ्याचे पत्र आहे.

त्यात काय आहे? घोड्यांसाठी दाणा व गवत जमवून दिलेले आहे. ते पावसाळा संपेपर्यंत पुरवायचे आहे. हाती आहे म्हणून आज मनाला येईल तसे चारले, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज स्पष्ट बजावतात. म्हणून कारकुनाने रोजचा शिधा हिशेबाने द्यावा आणि घेणाऱ्याने तेवढाच घ्यावा. साठा संपला की लोक गावात शिरतील. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. मग जी रयत जीव धरून राहिली आहे ती निघून जाईल, आणि तिला हे सैन्य शत्रूहून वाईट वाटेल. म्हणजे साठ्यातील गैरशिस्तीची किंमत अखेर शेजारच्या गरीब शेतकऱ्याकडून वसूल होते, ही साखळी त्यात टप्प्याटप्प्याने मांडलेली आहे.

आणि मग आगीचा भाग येतो. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढेल, वाऱ्याने ठिणगी उडेल. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात तोंडात धरून पळेल आणि गवताला आग लागेल. तसे झाले तर मग रयतेवर कितीही जुलूम केला तरी गवत मिळायचे नाही, कारण पावसाळ्यात ते असणारच नाही. उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत ज्या राज्यकर्त्याची नजर पोचते, त्याच्याविषयी काय लिहावे! मला मात्र यात भक्तीपेक्षाही एक शुष्क प्रशासकीय गुण दिसतो आणि तो अधिक दुर्मीळ आहे. साठा किती, तारीख कोणती आणि हानी कोणत्या वाटेने होईल, या तीन गोष्टी पत्रात एकत्र आहेत. ‘छावणी’ हा शब्दही त्याच काळातला. पावसाळ्यापुरते छप्पर घालून फौजेने केलेला मुक्काम म्हणजे छावणी. आज आपण तो शब्द पाऊस न पडल्यामुळे एकत्र आलेल्या गुरांसाठी वापरतो.

पुढच्या दीड-दोन शतकांत या व्यवस्थेचा पाया होता तो कुरणांचा आणि गायरानांचा. सरकारी घोड्यांसाठी राखलेली कुरणे आणि गावाच्या गुरांसाठी मोकळे सोडलेले गायरान यांमुळे चारा फार लांब न्यावा लागत नसे. इंग्रजी अमलात जंगल खात्याने डोंगर-माळ आपल्या हद्दीत घेतले आणि गुरे आत शिरली की दंड सुरू झाला. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये १८८३ साली यावर कोरडे ओढले आहेत. नेमक्या त्याच साली, सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून तात्पुरती दुष्काळ संहिता तयार झाली. अडचणीच्या वर्षी राखीव जंगले चराईला खुली करावीत, गवत कापू द्यावे, अशा तरतुदी दुष्काळी नियमांत आल्या. जे आधी काढून घेतले तेच संकटकाळी सवलत म्हणून परत द्यायचे, असा हा प्रकार होता. तरी कागदावर काही हक्क आले. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी केसरीतून आणि सार्वजनिक सभेच्या प्रचारकांमार्फत या संहितेतील तरतुदी शेतकऱ्यांपर्यंत पोचवल्या, तेव्हा सरकारला तो राजद्रोहाच्या जवळचा प्रकार वाटला. आपलेच नियम रयतेने वाचलेले सरकारला आवडले नाही.

१८९९ चा दुष्काळ मात्र या नियमांच्या आवाक्याबाहेर गेला. विक्रम संवत १९५६ मुळे गुजरातेत त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात. गुजरात तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि त्या भागाला मोठ्या दुष्काळाची सवय नव्हती. खानदेश, नगर, सोलापूर, मध्य प्रांत, वऱ्हाड, राजपुताना हेही होरपळले. १९०० च्या उन्हाळ्यात एका वेळी साठ लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर होती. कर्झन यांच्या सरकारला मदत सढळ होईल याचीच भीती अधिक होती, आणि मदतीला पात्र ठरण्याच्या कसोट्या त्यांनी कडक केल्या. माणसासाठी निदान कसोटी तरी होती. खडी फोडली तर मजुरी मिळे. बैलाला अशी कसोटी लावता येत नाही. मालक खडीच्या कामावर गेला की बैलाचा दोर सुटतो, आणि तो सुटला की पुढच्या वर्षी पाऊस आला तरी नांगर चालत नाही. दुष्काळाचे दुसरे वर्ष अनेकदा आभाळामुळे नव्हे, तर गोठ्यामुळे येते.

गवत अजिबातच नव्हते असे नाही. कोकणपट्टीत आणि जंगलांत होते. ठाणे जिल्ह्यातून मुंबईला गवत पाठवण्याचा व्यापार जुना होता; वसईपासून पालघरपर्यंत गवताच्या वखारी होत्या. १८७४ पासून मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या आणि शहरातले घोडे, तबेल्यांतली गुरे याच गवतावर पोसली जात. गवत दाबून गठ्ठे बांधण्याची कला या व्यापाराने वाढवली. सरकारने जंगलातले गवत कापून, दाबून, रेल्वेने दुष्काळी भागांत पाठवण्याचे प्रयत्न केले, पण सुट्या गवताचा जो दोष वर सांगितला तोच इथे आडवा आला. वाघिणी भरतात, वजन भरत नाही. एका वाघिणीत धान्य घालायचे की गवत, हा प्रश्न स्टेशनमास्तरासमोर आला तर उत्तर ठरलेलेच. शिवाय गुजरातेत रुंद आणि मीटर असे दोन प्रकारचे रूळ होते; जिथे रूळ बदलतात तिथे प्रत्येक गठ्ठा उतरवून पुन्हा भरावा लागतो. आणि इतके करून स्टेशनावर पोचलेले गवत वीस मैलांवरच्या गावी न्यायचे कशाने? बैलगाडीने. ज्या बैलासाठी गवत आणले तोच बैल गाडी ओढणार, आणि वाटेत त्यातलेच खाणार.

एका ठिकाणी मात्र कामाची पद्धत वेगळी होती. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट यांच्या पुढाकाराने १९०० मध्ये अहमदाबादजवळ छारोडी येथे गुरांचे क्षेत्र उभे राहिले. गुजरातच्या कांकरेज जातीचा निवडक वाण तरी टिकावा, एवढाच मर्यादित हेतू होता. सगळी गुरे वाचवण्याचा आव त्यात नव्हता. थोडी जनावरे, एकच जागा, एकच साठा आणि जबाबदार माणूस नेमलेला. ते क्षेत्र पुढे टिकले आणि वाणही टिकला. याला कोणी निष्ठुरपणा म्हणेल. मी त्याला निष्ठुर म्हणणार नाही, पण गरीब शेतकऱ्याची गावठी गाय त्या कुंपणाच्या बाहेर राहिली, हेही विसरता येत नाही. सर अँटनी मॅक्डोनेल यांच्या अध्यक्षतेखालील १९०१ च्या दुष्काळ आयोगाला गुरांच्या बचावाचा विचार करावा लागला तो या अनुभवामुळे. १९११-१२ मध्ये गुजरातेत पुन्हा चाऱ्याची टंचाई पडली, तेव्हा मुंबई सरकारने बाहेरून रेल्वेने गवत आणून सवलतीने पुरवण्याची व्यवस्था केली.

चारा मोठ्या प्रमाणावर हाताळण्याचे शास्त्र या काळात खऱ्या अर्थाने कोणाकडे होते, तर ते लष्कराकडे. घोडदळासाठी लष्कराने गवताची कुरणे आणि १८८९ पासून, अलाहाबादेत पहिली काढून, दुग्धशाळा चालवल्या. गवत कधी कापायचे, किती वाळल्यावर रचायचे, गंज जमिनीपासून उंच कशी ठेवायची, दोन गंजींमध्ये आगीसाठी अंतर किती, कोणती गंज आधी फोडायची, गठ्ठ्याचे वजन किती, हे सारे तिथे रोजच्या हुकुमात होते. पुण्याजवळ पिंपरीलाही असे लष्करी क्षेत्र होते. दिल्ली कॅंटोन्मेंटमध्ये ३१ मार्च २०२१ रोजी ही क्षेत्रे समारंभपूर्वक बंद झाली. त्या वेळच्या सरकारी निवेदनात दुधाबरोबरच वर्षाला सुमारे २५ हजार टन गवताचा उल्लेख होता. म्हणजे घोडदळ इतिहासजमा झाल्यानंतरही ही शिस्त तिथे शिल्लक होती. मुलकी प्रशासनाने ती कधी मागितली, असे फारसे दिसत नाही.

१९७२ चा दुष्काळ मराठी माणसाच्या स्मरणात आहे तो खडी, सुकडी आणि मिलो यांमुळे. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आला आणि त्याचा गौरव योग्यच झाला. व्ही. सुब्रमण्यम या सनदी अधिकाऱ्याने त्या दुष्काळाच्या प्रशासनावर इंग्रजीत ग्रंथही लिहिला. गुरांबाबत मात्र त्या दुष्काळातून तशा तोलाची कायमची व्यवस्था निघाली नाही. माणसाला काम मागण्याचा हक्क मिळाला. जनावराचा चारा दर दुष्काळात नव्या शासन निर्णयावर चालत राहिला.

आता छावण्यांकडे येऊ. २०१२-१३ मध्ये माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, तसेच अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), बीड, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या भागांत मोठ्या छावण्या उघडल्या. माणदेशात काही छावण्या वर्षभराहून अधिक चालल्या. पुढे ऑक्टोबर २०१८ अखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि २०१९ च्या मे-जूनमध्ये राज्यातील दीड हजाराच्या आसपास छावण्यांत दहा लाखांवर जनावरे होती. सहकारी संस्था, साखर कारखाने, स्वयंसेवी संस्था, स्थानिक पुढारी असे नाना प्रकारचे चालक होते. कित्येकांनी पदरमोड करून चांगले काम केले. घरातले एक माणूस जनावरांजवळ राही. बायका तिथेच चूल मांडत. मुले छावणीतून शाळेत जात. परगावी राहणाऱ्या वाचकांना हे चित्र वर्तमानपत्रांतील छायाचित्रांतून आठवत असेल.

पण हिशेब पाहा. २०१५ ते २०२० या काळातील आपत्ती निधीच्या केंद्रीय निकषांनुसार मोठ्या जनावराला दिवसाला ७० रुपये आणि लहानाला ३५ रुपये होते. राज्याने आपल्याकडून भर घालत मे २०१९ मध्ये ते १०० व ५० पर्यंत नेले. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण १५ किलो हिरवा किंवा ६ किलो वाळलेला चारा धरू. हजार मोठ्या जनावरांच्या छावणीला मग रोज १५ टन हिरवा चारा लागतो. म्हणजे उसाच्या वाढ्यांचे भरगच्च दोन ट्रक, रोज, सुट्टीशिवाय. दर जनावरी ४० ते ५० लिटर पाणी म्हणजे दहा हजार लिटरचे चार-पाच टँकर. शिवाय रोज दहा टनांहून अधिक शेण. ते उचलायचे कोणी आणि त्याची मालकी कोणाची, हा वाद आलाच. नव्वद दिवसांत चाऱ्याची आवक साडेतेराशे टनांवर जाते. छावणी म्हणजे धर्मशाळा नव्हे; माल ये-जा करणारे ते एक मोठे गोदामच असते.

आणि या गोदामाचे देयक कशावर निघते? जनावरांच्या संख्येवर. ७० रुपये गुणिले हजार गुणिले दिवस. चाऱ्याच्या आवकेची नोंदवही ठेवावी, पावत्या जपाव्यात, अशा अटी असतात. पण पैसा चालतो तो डोकी मोजून. त्यामुळे तपासणीही डोक्यांचीच होते. तलाठी, मंडळ अधिकारी, पशुधन अधिकारी, भरारी पथक, सगळे येतात आणि जनावरे मोजतात. शंभर बोगस जनावरे दाखवली तर महिन्याला दोन लाख दहा हजार रुपयांचा अपहार होतो, आणि तो पकडता येतो. परंतु जनावरे सगळी खरी असून प्रत्येकाला पंधराऐवजी बारा किलोच चारा पडला, तर रोज तीन टन चारा कमी आला. हा अपहार कोणत्या रकान्यात दिसेल? २०१९ मध्ये जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यावरचे बारकोड मोबाइलवर टिपून रोजची हजेरी घेण्याची पद्धत आली. ती चांगलीच होती. त्यामुळे गाय खरी ठरली. तिच्यासमोर पडलेला भारा मात्र पूर्वीइतकाच अंदाजाचा राहिला.

डोक्यांचा हिशेब चाऱ्याच्या प्रतीविषयीही मुका असतो. सहा किलो चांगल्या कडब्यात जवळजवळ साडेपाच किलो शुष्क अंश मिळतो; पंधरा किलो वाढ्यांत चार किलो मिळाला तरी पुष्कळ. दोन्ही नियमात बसतात, पण पोट सारखे भरत नाही. वाढ्यांतील ऑक्झलेटमुळे जनावराच्या अंगातील चुना कमी होतो. जाणते शेतकरी म्हणूनच चुन्याची निवळी देतात. टंचाईच्या वर्षी पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी कापून आणली तर तिच्यातल्या विषाने जनावर तासाभरात आडवे होऊ शकते. दुष्काळात छावणीला मिळणारा चारा हा बहुधा असाच असतो: ऊस, वाढे, खुरटलेले पीक. जिल्हाधिकारी जिल्ह्याबाहेर चारा नेण्यास बंदी घालतात, ती समजण्यासारखी आहे. पण शेजारचा जिल्हाही तेच करतो आणि मग ट्रक रात्रीचे धावू लागतात. रात्री आलेला ट्रक वजनकाट्यावर चढतोच असे नाही.

चाऱ्याची गाडी न पाहता केवळ कागद पाहिला तर काय होते, याचे टोकाचे उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे. २७ जानेवारी १९९६ रोजी तेव्हाच्या बिहारमधील पश्चिम सिंहभूमचे उपायुक्त अमित खरे यांनी चाईबासा येथे पशुसंवर्धन विभागाची कार्यालये तपासली आणि पुढे ‘चारा घोटाळा’ म्हणून देशभर गाजलेले प्रकरण उघड झाले. कोषागारातून तरतुदीपेक्षा कितीतरी अधिक रकमा निघत होत्या. लेखापरीक्षकांनी देयकांतील वाहनांचे क्रमांक परिवहन खात्याच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा टनावारी चारा वाहून नेल्याचे दाखवलेली काही वाहने स्कूटर निघाली. लोक हसले. पण प्रशासनात काम करणाऱ्याने यात हसण्यापेक्षा एक गोष्ट नीट पाहावी. घोटाळा पकडणारा प्रश्न गाडीविषयीचा होता. गाडी कोणती, ती आली का, तिच्यावर एवढे वजन बसते का? हा प्रश्न पहिल्याच देयकावर कोणीही विचारू शकत होते.

महाराष्ट्रातील छावण्यांची तुलना मी त्या प्रकरणाशी करत नाही. इथे जनावरे होती, चारा होता, आणि लाखो गुरे जगली. मात्र छावण्यांतील गैरव्यवहाराच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या, हेही खरे. त्यावर शासनाचा प्रतिसाद नेहमी एकाच दिशेने गेला: अटी वाढवा. प्रत्येक वेळी अटींची यादी लांबली, आणि चांगला चालक त्या यादीला कंटाळून दूर राहू लागला.

छावणीला पर्याय म्हणून चारा डेपो असतात. तिथे शासन चारा आणते आणि शेतकरी तो सवलतीने घेऊन जातो. गुरे घरीच राहतात, कुटुंब फुटत नाही. ‘दावणीला चारा द्या’ ही मागणी म्हणूनच दर दुष्काळात ऐकू येते. डेपोत मोजायचे असते ते चाऱ्यालाच, ही त्याची जमेची बाजू. आणि नेमकी तीच प्रशासनाला अवघड वाटते. कारण मग शासनाला स्वतः खरेदी करावी लागते, काट्यावर उभे राहावे लागते, ओला माल परत पाठवावा लागतो, उरलेली गंज पावसाळ्याआधी झाकावी लागते. घट किती मान्य करायची, हे लिहून द्यावे लागते आणि त्यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप आला तर उत्तर द्यावे लागते. छावणीत हे सगळे ओझे दरडोई दरात गुंडाळून चालकाच्या डोक्यावर देता येते. २०१२ च्या उन्हाळ्यात डेपोही होते, पुढे भर छावण्यांवर गेला, यात मला हे कारण मोठे वाटते.

ज्यांना हे अशक्य वाटते त्यांनी एखाद्या साखर कारखान्याच्या फाटकावर हंगामात तासभर उभे राहून पाहावे. तिथे रोज हजारो टन ऊस येतो, तोही बैलगाडी, ट्रॅक्टर आणि ट्रक अशा तिन्ही वाहनांतून. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी होऊन पुन्हा चढते, पावती शेतकऱ्याच्या हातात पडते. ऊस वाळला की वजन घटते, हे तिथे सर्वांना माहीत असते, म्हणून तोड आणि वजन यांतले तास मोजले जातात. काट्यावरून भांडणे होतात, पण काट्याशिवाय गाडी आत जात नाही. छावण्या चालवणाऱ्या संस्थांत साखर कारखाने होतेच, आणि वाढे येत होते ते त्याच शिवारातून. तोच काटा, तोच माणूस आणि तशीच पावती छावणीच्या चाऱ्याला लावली असती तर नवे काही शोधावे लागले नसते. शिवाय कडब्याची कुट्टी करून घातली तर पायाखाली जाणारी नासाडी कमी होते, आणि कुट्टी पोत्यात भरता येत असल्याने तिचे वजनही करता येते. हे शेतकरी जाणतो. कुट्टी यंत्राला लागणारी वीज छावणीत असेलच असे नाही, ही गोष्ट वेगळी.

आपत्ती निधीचे २०२२-२६ या काळासाठीचे निकष मोठ्या जनावराला ८० आणि लहानाला ४५ रुपये असे आले. मदतीचा काळ सर्वसाधारणपणे तीस दिवसांचा, वाढवून साठ, आणि तीव्र दुष्काळात नव्वद, ही जुन्या निकषांतील चौकट होती. माणदेशातील छावणी वर्षभर चालली, तिचा बाकीचा भार राज्याने उचलायचा. मदत मागणाऱ्या निवेदनात तालुक्यांची नावे, पैसेवारी, पावसाची तूट, पशुधनाची संख्या, दिवस आणि दर हे सारे असते. गुणाकार बिनचूक असतो. गावातला चारा कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल, बाहेरून किती टन लागेल, तो कोणत्या जिल्ह्यातून निघेल आणि कोणत्या काट्यावर मोजला जाईल, यासाठी माझ्या मते त्याच कागदावर आणखी चार रकाने काढावे लागतील. चिपळूणच्या कारकुनाला त्यांतले दोन भरायला सांगितलेच होते.